चार नंबरची सीट

सकाळच्या पाळीत पद्मजा चौगुले सहा गाड्या वाचायची. वाचायची म्हणजे गाडीजवळ जायचं नाही, तिचा रंग बघायचा नाही, मालकाचं नावही कळायचं नाही. मिरज रस्त्यावरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तिच्या पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक यायचा आणि त्याखाली पाच वर्षांच्या रेघा. त्या रेघा बघून तिनं ठरवायचं, की ही गाडी तिच्या मालकाला खरंच लागत होती का.

नियम येऊन चार वर्षं झाली होती. सांगलीतले रस्ते होते तेवढेच राहिले आणि गाड्या लांबीला, रुंदीला, उंचीला वाढत गेल्या. दोन गाड्या समोरासमोर आल्या की पेठा तासन्‌तास अडकायच्या. शेवटी सरकारनं ठरवलं, की ठरावीक वजनाच्या आणि किमतीच्या वरची प्रत्येक गाडी पाचव्या वर्षी वाचनाला द्यायची. तिची गरज शंभर गुणांत मोजायची. तीस मिळाले तर गाडी मालकाची आणि हवी तर आणखी मोठी घ्यायची मुभा. तीसच्या खाली आली तर गाडी सामायिक ताफ्यात जमा. मालकाला मोबदला मिळायचा, पण पुढची पाच वर्षं त्याच्या दारात मोठी गाडी येणार नाही.

हे मोजमाप शक्य झालं ते सीटखालच्या एका पापुद्र्यामुळे. हृदय रक्त वर फेकतं तेव्हा अंग उलट दिशेनं किंचित खाली ढकललं जातं. बंदूक उडवली की खांद्याला बसतो तसा हा धक्का, फक्त केसाच्या जाडीहूनही बारीक. पापुद्र्यावर दाब पडला की त्यात इवलीशी वीज तयार होते आणि त्या विजेची रेघ गाडीच्या स्मृतीत उमटते. चालकाला डुलकी लागली तर कळावं, म्हणून आधी तो बसवला होता. पुढं लक्षात आलं, की प्रत्येक माणसाच्या ठोक्याचं वळण वेगळं असतं, अक्षरासारखं. कुठल्या सीटवर कोण किती वेळा बसलं, हे नाव न विचारता सांगता येऊ लागलं.

सुरुवातीला लोकांनी रिकाम्या सीटवर हळदीची पोती ठेवून पट्टे लावले. पोत्याला ठोका नसतो. मग भाड्यानं माणसं बसवली. तेच चार ठोके एका आठवड्यात अकरा गाड्यांत सापडले, तेव्हा तेही बंद पडलं. पद्मजानं आजवर दोन हजारांवर गाड्या वाचल्या होत्या. सात सीटच्या गाडीत सरासरी दीड माणूस बसायचं आणि सरासरी अडीच किलोमीटर जायचं. सुरुवातीला तिला त्याचं हसू यायचं, पुढं राग यायचा. दोन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून तिला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. कॅन्टीनचा चहा बिनसाखरेचा आला, तरी अर्धा संपेपर्यंत तिच्या लक्षात यायचं नाही.

रविवारी ती भावाकडं जेवायला गेली. सुकुमार तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी. घर पेठेतल्या बोळात, तीन मजली, खाली फरशीचं अंगण. अंगणाची तीन चतुर्थांश जागा गाडीनं व्यापलेली. उरलेल्या पट्टीतून कपडे वाळत घालायचे, तुळशीला पाणी घालायचं आणि पाहुण्यांनी आत यायचं. पद्मजानं स्कूटर भिंतीला चिकटवून लावली आणि अंग चोरून आत गेली.

"पद्मे, आमचं वाचन या महिन्यात हाय," सुकुमार पानावर बसल्याबसल्या म्हणाला. "तुझ्याच हापिसात येतंय न्हवं?"

"विभागात आठ वाचक आहेत, दादा. कुणाकडं येईल सांगता येत नाही. आणि माझ्याकडं आली, तरी मला कळणार नाही तुझी आहे म्हणून."

"कळलं तर?"

"तर सोडावी लागते. एक बटण असतं. 'ओळख पटली' म्हणून दाबायचं, की दुसऱ्याकडं जाते."

"म्हणजे सख्खी बहीण असून उपयोग शून्य," सुकुमार वहिनीकडं बघून म्हणाला.

"उपयोग कशाला?" सुजातावहिनी आमटी वाढताना म्हणाली. "पाच वर्षांत मला त्या गाडीतनं कोल्हापूर दाखवलं असतं दोनदा, तर आपोआप गुण पडले असते. रोज एकटे जाता दुकानाला, एकटे येता."

"बघ, घरातच विरोधी पक्ष हाय." सुकुमार हसला, पण हात पानात थांबला होता. "पद्मे, मी नवी नोंदवलीय. तीस नाही आले तर ती पण गेली आणि ही पण गेली. यार्डात आपली गाडी बघून माणूस चार पावलं पुढं येतो. उद्या भाड्याच्या डबड्यातनं उतरलो, तर भाव कोण ऐकणार माझा? आणि बोळाच्या तोंडाला आवट्यांच्या दारात ती केवढी उभी हाय, बघितलीस न्हवं?"

पद्मजानं बघितली होती. येताना त्या गाडीच्याच आरशाला तिच्या स्कूटरचा आरसा घासला होता.

"आईला कधी पटली नाही ही गाडी," ती म्हणाली. तिला काही सुचवायचं नव्हतं. जेवताना आठवलं, म्हणून बोलली. "चढायला शिडी लागती, म्हणायची."

सुकुमारनं ताकाची वाटी उचलली, एका दमात संपवली आणि हात धुवायला उठला.

बुधवारी तिच्या पडद्यावर चव्वेचाळीस सतरा क्रमांकाची गाडी आली.

पहिली फेरी सहा किलोमीटरची, सातही सीट भरलेल्या. नवी गाडी आली की असंच असतं, घरचे सगळे दर्शनाला जाऊन येतात. पद्मजा एकेक रेघ बाजूला काढत गेली. एक नंबर, चालक. दोन नंबर, बाईचा ठोका, हलका. सात नंबरवर मात्र तिचा हात थांबला. चार ठोके सरळ, पाचवा घाईनं आलेला आणि त्यामागं एक रिकामी जागा. पुन्हा चार सरळ, पुन्हा घाई, पुन्हा रिकामी जागा.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपापली रेघ वाचायला देतात. पद्मजाच्या हृदयाची ही खोड तिला बारा वर्षांची असल्यापासून माहीत होती. काळजीचं काही नाही, असं तेव्हाच डॉक्टरनं आईला सांगितलं होतं.

म्हणजे गाडी दादाची होती. नियमाप्रमाणं तिनं त्याच क्षणी बटण दाबायला हवं होतं. तिनं चार नंबरच्या सीटची रेघ उघडली.

आईच्या छातीत पेसमेकर होता, मिनिटाला साठ ठोक्यांवर लावलेला. दुसऱ्या कुणाचीही रेघ थोडी मागं-पुढं होते, आईची घड्याळासारखी पडायची. ती रेघ पाच वर्षांत तीनदाच सापडली. एकदा पहिल्या दिवशी. एकदा त्यानंतर पंधरा दिवसांनी. बाकी आईचं सगळं फिरणं पद्मजाच्या स्कूटरवर. तपासणीला, मंडईला, बसदीत दर्शनाला. पदर कमरेला खोचून मागं बसायची, पद्मजाच्या खांद्यावर हात ठेवायची आणि गल्लीतल्या प्रत्येक गाडीला नाव ठेवत जायची.

तिसरी नोंद वीस फेब्रुवारीची होती.

त्या दिवशी पद्मजा पुण्यात होती, ऑफिसच्या शिबिराला. दुपारी दीडला सुकुमारचा फोन आला होता. "आई गेली गं. झोपेतच. सकाळी उठवायला गेलो, तर..." संध्याकाळी ती पोचली तेव्हा आवटीकाकूंनी तिला जवळ घेतलं होतं. "आमच्याकडं आजच नवी गाडी आली आणि तुमच्याकडं असं," असं त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. त्या गाडीवर झेंडूची माळ तशीच होती. आवटीकाका येऊन माळ काढून घेऊन गेले होते.

पद्मजानं तिसरी नोंद उघडली.

दहा वाजून चौतीस मिनिटांनी चार नंबरवर आई बसली. छत्तीसला चालकानं छताजवळचं तातडीचं बटण दाबलं. हे बटण दाबलं की जवळच्या रुग्णालयाला वर्दी जाते आणि वाटेतले सिग्नल मोकळे होतात. गाडी अडतीस मीटर पुढं गेली आणि थांबली.

दहा पन्नासला ती तिथंच होती. अकराला तिथंच.

तिथं काय होतं, हे पद्मजाला कुणी सांगायची गरज नव्हती. अंगणापासून अडतीस मीटरवर बोळाचं तोंड, तिथंच आवट्यांचं दार. आणि हल्ली कंपन्या गाडी मुहूर्तावरच देतात. वाहक ट्रक सकाळी लवकर गाडी दारात उतरवून निघून जातो. मालकानं सांगितलेल्या मिनिटापर्यंत ती बंद असते, चाकं अडकलेली, दारं अडकलेली. चाकाखाली लिंबं ठेवतात, पुढं नारळ, वरून फोटोसाठी ड्रोन. ते मिनिट आलं की गाडी स्वतःहून जागी होते, दिवे लावते, आणि लोक टाळ्या वाजवतात. त्याआधी ती ढकलूनसुद्धा हलत नाही. आवट्यांनी त्या दिवशी अकरा एकवीसचा मुहूर्त काढला होता. पत्रिकेसारखा निरोप गल्लीत सगळ्यांना आला होता, आईलाही. आईनं तो पद्मजाला फोनवर वाचून दाखवला होता आणि हसली होती.

चार नंबरची रेघ घड्याळासारखीच चालली होती, पण तिची उंची कमी होत होती. पेसमेकर फक्त हाक मारतो. ओ द्यायची ती हृदयाच्या स्नायूनं. हाक दर सेकंदाला जात होती, ओ लहान लहान होत होती. अकरा वाजून सात मिनिटांनी शेवटची आली. पेसमेकर त्यानंतरही बराच वेळ हाका मारत राहिला असणार. पापुद्र्याला विजेची हाक ऐकू येत नाही, त्याला फक्त धक्का कळतो. अकरा सातनंतर चार नंबरची रेघ सपाट होती.

एक नंबरची रेघ मात्र शांत होती. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर. अकरा एकवीसपर्यंत तशीच. बाविसाव्या मिनिटाला एकशे एकतीस.

अकरा सव्वीसला गाडी अडतीस मीटर मागं आली. फेरी संपली.

पद्मजानं पडद्याच्या कोपऱ्यातले गुण बघितले. पाच वर्षांचा रोजचा वापर, अठरा. तातडीची एक फेरी, चौदा. एकूण बत्तीस. सूत्रात लिहिलं होतं, की तातडीचं बटण दाबलेलं असावं आणि एखाद्या सीटवर त्रासात असलेला ठोका असावा. गाडी कुठं पोचली का, हे सूत्र विचारत नव्हतं. पाच वर्षांत ज्या एका सकाळी त्या गाडीची खरी गरज लागली आणि ती अडतीस मीटर गेली, त्याच सकाळमुळे ती वाचणार होती.

ही फेरी खोडायचा अधिकार वाचकाला होता. एक रेघ मारायची, कारण लिहायचं, की अठरा गुण, गाडी जमा. पण आपल्या माणसाची गाडी वाचायचा अधिकार तिला नव्हता, आणि ती तासभर तेच करत होती. आणखी एक रकाना होता. वाचक मालकाला एक प्रश्न विचारू शकतो, फक्त एक, आणि मालकाचं उत्तर अंतिम धरायचं. पद्मजानं त्यात लिहिलं, 'वीस फेब्रुवारीची तातडीची फेरी पूर्ण झाली का?'

मग तिनं 'ओळख पटली' दाबलं.

पलीकडच्या टेबलावरचा तौफिक मुजावर खुर्ची फिरवून म्हणाला, "मॅडम, तुमची चव्वेचाळीस सतरा माझ्याकडं आली. कोण निघालं?"

"नातेवाईक."

"मग गोड बातमी द्या त्यांना, बत्तीस दिसतायत. हा प्रश्न तेवढा कशाला घातला? हो म्हणतील आणि सुटतील."

"म्हणू दे," पद्मजा म्हणाली. पुढची गाडी पडद्यावर आली होती. तिनं ती वाचायला घेतली.

आठ दिवसांनी सुकुमार स्वतः पेढे घेऊन तिच्या विश्रामबागच्या घरी आला.

"बत्तीस!" दारातच म्हणाला. "कुठल्या तरी येड्या वाचकानं एक खुसपट काढलं होतं. पण निभावलं."

"कसलं खुसपट?"

"असंच काहीतरी, तांत्रिक." त्यानं पेढा तिच्या हातावर ठेवला. "येत्या रविवारी दहा बेचाळीसचा मुहूर्त हाय. ओवाळायला तू पाहिजेस. बहिणीचा मान हाय, तुझी वहिनी म्हणाली. लवकर ये, गाडी लागली की बोळातनं स्कूटर यायची न्हाय."

तिनं पेढा खाल्ला. तो गेल्यावर तिला चव आठवेना.

रविवारी ती आठ वाजताच पोचली आणि स्कूटर अंगणात लावली. जुनी गाडी आदल्या दिवशीच विक्रीला गेली होती. रिकाम्या फरशीवर तिच्या चाकांच्या जागी चार फिकट चौकोन उरले होते. नऊला ट्रक आला, आत शिरेना म्हणून बोळाच्या तोंडाशीच नवी गाडी उतरवून गेला. जुनीपेक्षा ती वीतभर रुंद होती. काळी काच, काळा रंग. गल्लीतली माणसं दोन्ही बाजूंनी गोळा झाली. आवटीकाका चाकाखालची लिंबं नीट लावत होते.

"सुकुमार, आता आमची लहान दिसायला लागली," ते म्हणाले.

"काका, तुम्हीच सवय लावली!" सुकुमार म्हणाला आणि सगळे हसले.

दहा तीस झाले. सुजातावहिनीनं ताट पद्मजाच्या हातात दिलं. निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी. पद्मजा गाडीसमोर उभी राहिली. सुकुमार तिच्या शेजारी आला, नव्या शर्टाची बाही सारखी करत.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "तो प्रश्न मी घातला होता."

"कुठला?"

"फेरी पूर्ण झाली का, तो."

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. समोर काळ्या काचेत दोघं दिसत होती, मधे निरांजनाची ज्योत. आवटीकाका कुणाला तरी सांगत होते, ड्रोन जरा डावीकडं घे.

"आई अकरा सातला गेली," पद्मजा म्हणाली. "चार नंबरच्या सीटवर. तुला अकरा एकवीसपर्यंत कळलं नव्हतं."

त्यानं बाहीचं बटण काढून पुन्हा लावलं. मग म्हणाला, "मला वाटलं, आत एसी हाय, बरं वाटेल तिला."

"रिक्षा नव्हती?"

"होती. कोपऱ्यावर उभी होती. काचेतनं दिसत होती मला." त्यानं ओठ पुसले. "काका पाच मिनिटं म्हणत होते गं. सारखं पाच मिनिटं. आणि पूजा चालू होती, हॉर्न वाजवणं बरं दिसलं नसतं. आई पण म्हणाली, राहू दे, लोकांचं शुभकार्य हाय."

"आणि मग?"

"आवट्यांची गाडी हलली. मी मागं वळून म्हणालो, निघालो बघ आई." तो थांबला. "वळून म्हणालो."

"'हो' लिहिलंस तू."

"नाही कसं लिहू, पद्मे? एकदा 'नाही' लिहिलं, की ते खरंच झालं म्हणायचं."

लोकांनी दहापासून उलटे आकडे मोजायला सुरुवात केली. लहान मुलं सर्वांत मोठ्यानं. शून्याला गाडी जागी झाली. दिवे डोळे उघडल्यासारखे उघडले, दारं आपोआप किंचित सैल झाली. आतून एक मऊ बाईचा आवाज आला, "सुकुमार चौगुले परिवाराचं स्वागत असो. सातही सीट आपली वाट बघत आहेत." टाळ्या झाल्या.

"ताई, ओवाळा की, वेळ चाललीय!" वहिनीनं मागून हाक दिली.

पद्मजानं ताट सुकुमारच्या दोन्ही हातांत दिलं. त्यानं ते घेतलं. सोडायचं कसं हे माहीत नसल्यासारखा तो ते धरून उभा राहिला, आणि गरम हवेनं ज्योत त्याच्या शर्टाकडं झुकत राहिली.

ती अंगणात गेली, स्कूटर सुरू केली आणि बोळातून परत आली.

"अगं थांब की जरा," आवटीकाका वाटेत हात आडवा करून म्हणाले. "फोटो झाले की पुढं घेतील. पाच मिनिटं. आता जाणार न्हाय इथनं, आरसा घासंल."

पद्मजानं पाय जमिनीला टेकवून स्कूटर भिंत आणि गाडी यांच्यामधे घातली. मागची सीट रिकामी होती. तिनं सवयीनं डावा खांदा थोडा खाली केला, मागच्या माणसाला हात ठेवता यावा म्हणून. मग सावकाश पुढं गेली.

आरसा घासला नाही. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली.